धरणातल्या बोटीसाठी ॲप निवडताना

काका निवृत्त झाले आणि त्यांनी बोट घेतली. आमच्या भोरमध्ये माणूस निवृत्त झाला की तीर्थयात्रा करतो, नाहीतर गच्चीवर पत्रे टाकतो. काकांची सगळी नोकरी वेल्ह्याच्या कचेरीत जमिनीच्या नोंदी करण्यात गेली, आणि जाणंयेणं एसटीनं. त्यामुळे आयुष्यात एकदा तरी कंडक्टर नसलेलं वाहन चालवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. बोट जुनी, फायबरची, मागे छोटी मोटर. ती भाटघर धरणाच्या काठावर एका ओळखीच्या माणसाच्या फार्महाऊसपाशी ठेवली. परवानगीचं काय झालं ते मी विचारलं नाही. घरात कुणीच विचारलं नाही.

बोट आल्यावर काका म्हणाले, आता ॲप पाहिजे. समुद्रात हौसेनं बोटी फिरवणारे परदेशी लोक मोबाईलवर नकाशा लावतात, त्यात कुठे खडक आहे आणि पाणी किती खोल आहे ते दिसतं, असं त्यांनी एका व्हिडिओत पाहिलं होतं. ॲप शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी इंग्लिश मीडियमची. माझ्या शिक्षणाचे घरात दोनच उपयोग होते. एक, मोबाईलवर काही अडलं की मला हाक मारणं. दुसरा, पाहुण्यांना सांगणं की हिला मराठीही छान वाचता येतं.

त्याच सुमाराला माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. म्हणजे एकाच दिवाणखान्यात, त्याच सोफ्यावर, दोन निवडी चालू होत्या. आईनं मला आधीच बजावलं होतं की नाही म्हणायचं असेल तर कारण लागेल. नुसतं नको म्हटलेलं लोकांना समजत नाही. तोवर आलेल्या दोन स्थळांना मी काहीच उत्तर दिलं नव्हतं, आणि ती आपोआप विझली होती. तिसरं घरात सगळ्यांनाच पसंत होतं, तिथे हे चालणार नव्हतं. मी काही बोलले नाही तर तो होकार धरला जाणार होता, आणि न बोलण्यात माझा हात धरणारं आमच्या घराण्यात कुणी नव्हतं.

काकांची निवड मात्र सावकाश चालली होती. पहिल्या ॲपनं जहाजाचं नाव, देश आणि बंदर विचारलं. काकांनी नावाच्या जागी कुलदैवत लिहायला लावलं. बंदर म्हणून त्यानं घाटापलीकडचं, कोकणातलं सुचवलं, आणि भाटघरच्या भरती-ओहोटीची माहिती उपलब्ध नाही म्हणून दिलगिरी व्यक्त केली. दुसऱ्यात आमचं धरण म्हणजे नुसता निळा डाग होता, आत एकही आकडा नाही. तिसऱ्यात पाणीच नव्हतं. त्याच्या मते आम्ही बोट घेऊन डोंगरावर बसलो होतो.

काका लोकांचे अभिप्राय माझ्याकडून वाचून घेत. नॉर्वेचा कुणी एक जण म्हणत होता की धुक्यात हे ॲप फार कामाला येतं. काकांनी ते दोनदा वाचायला लावलं.

काकू आतून म्हणाली, "आपल्याकडं धुकं असतं तेव्हा तुम्ही अंथरुणात असता."

प्रत्येक ॲप काका आठवडाभर फुकट वापरून बघत आणि मग काढून टाकायला सांगत. एकाचा निळा रंग डोळ्यांना खुपत होता. एकातली वळायला सांगणारी बाई त्यांना उद्धट वाटली. त्यांना कारणं कुणी विचारत नव्हतं, तरी ते देत होते. बाबा म्हणाले, आता ठरवून टाक एखादं. त्यावर काका म्हणाले, "घाई करून न्हाई चालत. एकदा घेतलं की वर्षभर गळ्यात."

मी चहाच्या कपात बघत राहिले. तिसऱ्या स्थळाची, म्हणजे मुलाची, माहिती एका पानाची होती: उंची, पगार, पुण्यातला फ्लॅट, आणि थंड हवेच्या ठिकाणी काळा चष्मा लावून काढलेला फोटो. तिच्यावरची चर्चा तोच चहा संपायच्या आत उरकली होती.

शेवटी एक ॲप पसंत पडलं, कारण त्यात खोलीचे आकडे आपले आपण भरता येत होते. काकांच्या चेहऱ्यावर कचेरीतलं तेज परत आलं. दिवाळीत धरण काठोकाठ भरलेलं असताना आम्ही बोट काढली. काका दोरीला दगड बांधून पाण्यात सोडत आणि किती हात ते ओरडून सांगत. मी त्याचे फूट करून मोबाईलमध्ये टाकत होते. संध्याकाळपर्यंत निळा डाग आकड्यांनी भरला. शिक्का मारायची सोय नव्हती, एवढीच काकांची तक्रार राहिली.

मुलगा आणि त्याची आई एप्रिलमध्ये येणार असं ठरलं. बाबांच्या मते पोहे घरीच बरे होते, पण काका म्हणाले की बोट असताना पोह्यांना कोण विचारतं. आई आणि काकू फार्महाऊसवर स्वयंपाकाला, आणि आम्ही पाण्यावर, असं ठरलं.

एप्रिलमध्ये भाटघरचं पाणी किती खाली जातं हे भोरमध्ये जन्मलेल्या कुणाला सांगावं लागत नाही. बुडालेल्या गावांचे चौथरे वर येतात, जुनं देऊळ वर येतं, उघड्या पडलेल्या गाळात लोक पिकं घेतात. ते देऊळ बघायला आम्ही लहानपणापासून डबे घेऊन जातो. काका तर दरवर्षी पुढे असतात. तरीही मी जेव्हा म्हटलं की हे आकडे दिवाळीचे आहेत, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी कुणाच्या सातबाऱ्यावर रेघोट्या ओढल्या होत्या.

"नोंद झालीय ना? मग फेरफार होत न्हाई तोवर तीच खरी."

अर्धी थट्टा होती. पण नकाशा त्यांनी तोच उघडला.

मुलगा सभ्य होता, हे सांगायला हवं. चप्पल काढून बोटीत चढला, आईला हात दिला. मला त्यानं छंद विचारले आणि नोकरीसाठी पुण्याला राहायला आवडेल का, हेही विचारलं. दुसऱ्याचं उत्तर मी जुळवत होते तेवढ्यात त्याला काकांचा मोबाईल दिसला. हे ॲप जुनाट आहे, असं त्यानं नम्रपणे सांगितलं आणि जागच्या जागी दुसरं उतरवून घेतलं. मग दोघांनी दोन मोबाईल शेजारी धरले आणि बाबा मधे वाकले. तो सबंध दिवसातला सगळ्यात रंगलेला कार्यक्रम होता. स्थळ जुळत होतं, फक्त माझ्याशी नाही.

मी पुढच्या टोकाला होते. पाण्याखाली एक काळी रेघ दिसली, मग त्यातले दगड दिसले. कुणाच्या तरी जुन्या शेताचा बांध होता.

"पुढे बांध आहे," मी म्हटलं.

माझा आवाज इतका बारीक आहे की हाक मारलेली रिक्षा पुढच्या चौकात जाऊन थांबते. काका स्क्रीनवरून मान वर न करता म्हणाले की इथं वीस फूट आहे. मुलगा म्हणाला की त्याच्याकडेही अडथळा दाखवत नाही. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. तोवर खालून खरवडल्याचा आवाज आला आणि बोट बांधावर चढून एका अंगाला कलंडून बसली. मोटर थोडा वेळ कण्हली आणि बंद पडली.

काठावर गाळातल्या पिकाला पाणी देणारा एक माणूस हात कमरेवर ठेवून उभा राहिला.

"ओ सायेब, नांगरायचं आसंल तर बैल आणा की."

काकांनी त्याला मोबाईल उंच धरून दाखवला आणि हितं वीस फूट पाणी आहे, असं सांगितलं.

"व्हय? मग बुडा की," तो म्हणाला आणि कामाला लागला.

बाबा, काका आणि मुलगा विजारी वर करून उतरले. पाणी गुडघ्याएवढं, खाली चिखल. मुलगा एका हातानं बोट ढकलत होता, दुसऱ्या हातात मोबाईल डोक्यावर धरलेला. मी आणि त्याची आई बोटीतच होतो. तोवर त्या काही बोलल्या नव्हत्या. आता माझ्याकडे सरकून हळू म्हणाल्या, "मलाही दिसला होता गं बांध. तुझ्या आधी."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"तो बघत होता ना मोबाईलमध्ये. म्हटलं, त्याला कळत असेल."

त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. मला काही शिकवायलाही नव्हे. पदर सारखा करत, आज ऊन फार आहे म्हणावं, तसं सांगितलं. त्यांचा आवाजही माझ्याइतकाच बारीक होता, रिक्षा पुढच्या चौकात नेणारा. मला त्या फार आवडल्या, आणि त्याच क्षणी माझं ठरलं.

जेवणं झाली, ते लोक पुण्याला गेले. दुसऱ्याच दिवशी त्यांचा निरोप आला की मुलगी पसंत आहे, शांत आहे. आईनं देवापुढे साखर ठेवली. बाबांनी मला विचारलं, मग काय कळवू? विचारतानाच फोन हातात घेतला होता.

"नाही कळवा," मी म्हटलं.

कारण विचारलं गेलं. बोटीतलं बोलणं मी सांगितलं. बाबा म्हणाले, यात मुलाचा काय दोष? दोष काहीच नव्हता. मी तसंच म्हटलं, दोष नाही, पण मला तिथे जायचं नाही. काकू पदराला हात पुसत दारात आली. काका सोफ्यावर मोबाईल बघत होते. या वेळी त्यांनी मान वर केली.

बाबा म्हणाले, ठीक आहे, पत्रिका जमत नाही असं सांगतो, म्हणजे कुणाला वाईट वाटणार नाही.

"पत्रिका जमलीय, बाबा. मुलीला नको आहे, असं सांगा."

ते फोन घेऊन अंगणात गेले. मी उंबऱ्यात उभी राहिले. त्यांनी आधी उन्हाचं विचारलं, मग प्रवास नीट झाला का ते विचारलं, मग एकदा मागे वळून बघितलं. मी हलले नाही. मग त्यांनी ते सांगितलं. आवाज खाली होता, पण वाक्य तेच होतं.