चुन्याची निवळी

त्या हिवाळ्यात आमच्या अमरावतीच्या घरात सगळे दबक्या आवाजात बोलत. मागच्या खोलीत रेशमाचे किडे होते आणि माझ्या आत्याचं पुढचं आयुष्य त्यांच्यावर टांगलेलं होतं. आत्या लहान वयातच विधवा झालेली. राबायला माणूस हवं म्हणून तिच्या सासरचे पातूरहून निरोपांवर निरोप धाडत होते. नागपूरचे शेतकी खात्याचे साहेब येऊन किडे पसंत करणार, मग मुलींच्या शाळेत रेशीम काढायला शिकवण्याचं काम तिला मिळणार. नाहीतर पातूर होतंच.

वडील शाळेत शास्त्र शिकवत. तुतीची पानं चुन्याच्या निवळीत बुडवून दिली की किडे जोमानं वाढतात, कोश भरदार होतात, असं त्यांनी कुठंसं वाचलं होतं. आणि खरंच, किडे बोटभर झाले. आत्या चक्क गुणगुणायला लागली. मला मात्र धाकधूक लागलेली. आमच्या घरात चांगलं काही फार टिकत नसे.

साहेब यायच्या आदल्या दिवशी नेमका चुना संपला. बाजारात कोण जातं, म्हणून वडिलांनी आपली डबी काढली. तिच्यात एकीकडे तंबाखू, एकीकडे चुना. तोच चुना बोटानं खरवडून त्यांनी पाण्यात कालवला. संध्याकाळी किडे डोकी झटकत हिरवं पाणी ओकू लागले.

"दादा, हे काहून असं करून राहिले?" आत्यानं विचारलं.

"थंडीनं असेल," वडील म्हणाले.

सकाळी साहेबांनी किड्यांची सुपं पाहिली, एक पान नाकाशी धरलं. "तंबाखू! या किड्यांना तिचा वाससुद्धा विष. पानांना हात कोण लावतं?"

वडिलांनी खिशातली डबी आणखी आत सरकवली. मी मनातल्या मनात ओरडत होते, बोला ना! तो राग मला आजही आवरत नाही.

आत्यानं पदर पुढे ओढला. "मीच लावतो जी. मले तंबाखूच्या मिश्रीची सवय आहे."

जन्मात तिनं मिश्रीला बोट लावलं नव्हतं. भावाची शरम झाकायला तिला दुसरं काही सुचलं नसावं.

"असली बाई मुलींसमोर उभी करायची म्हणजे कठीणच," साहेब वडिलांना म्हणाले.

आणि वडिलांनी मान डोलावली.