हमीदा आपांचा शिवणक्लास आणि नसरीनचा गुलाबी स्कार्फ

कुठल्याही शिवणक्लासमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात. चिंध्या आणि किस्से! चिंध्या हमीदा आपा उशांमध्ये भरून टाकायच्या. किस्से मात्र टाकवत नाहीत. आम्ही जुन्या मैत्रिणी आजही भेटलो की कुणीतरी म्हणतंच, "सलमा, तो नसरीनचा सांग ना." मग काय, मी सुरू!

जव्हारच्या बाजारात आपांच्या घरी, पुढच्या खोलीत क्लास चालायचा. मोबाईल यायच्या आधीचे दिवस. आमच्या मोहल्ल्यात तेव्हा म्हाताऱ्या साडीचा पदर घ्यायच्या, सुना काळा बुरखा घालायच्या आणि आम्ही कॉलेजच्या पोरी ओढणीवर भागवायचो.

अशात आमच्या क्लासमधली नसरीन सुट्टीत मुंब्र्याला मावशीकडे गेली आणि परत आली ती डोक्याला गुलाबी स्कार्फ गुंडाळून. हनुवटीखाली पिन, कानाशी पिन, खांद्यावर पिन! आपांनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "अगं, टाचण्या कापडाला लावायच्या असतात. आत माणूस आहे, एवढं तरी भान ठेव!"

घरी तिची दादी नाराज. "आम्ही जन्मभर नुसता पदर घेतला. अल्लाने ओळखलंच ना आम्हाला?"

काही दिवसांनी दादी दवाखान्यात जायला निघाली. दारापर्यंत गेली आणि मागे फिरली. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, "नसरीन, दोन पिना दे गं. बाहेर वारा फार आहे!"

* * *

नसरीनचे अब्बा सुतारकाम करायचे. बोलणं कमी. पण स्कार्फची गोष्ट त्यांच्या मनाला लागली होती. एक दिवस काम करता करता त्यांनी विचारलंच, "तुला घरात कुणी सांगितलं का हे घालायला? मी नाही, तुझ्या अम्मीने नाही. मग?"

नसरीन म्हणाली, "म्हणूनच तर घातला, अब्बा. तुम्ही सांगितलं असतं तर मी भांडले असते!"

अब्बा नुसते रंधा मारत राहिले. ती फळी शेवटी इतकी पातळ झाली की गिऱ्हाईकासाठी दुसरी घ्यावी लागली!

मी पण तिला एकदा खोदून विचारलं होतं. आम्ही दोघी काजं करत बसलो होतो. ती म्हणाली, "कुणाला दाखवायला नाही गं. नमाज पढून उठल्यावर मन कसं थाऱ्यावर असतं, तसं दिवसभर वाटतं." एवढं खोल उत्तर मला अपेक्षितच नव्हतं.

मग तिने दोरा तोडला आणि म्हणाली, "आणि गुलाबी मला शोभतो!"

* * *

नसरीनचं बघून बाकीच्यांनाही हुरूप आला. लग्न ठरलेल्या एका मुलीने आपांकडे बुरखा शिवायला टाकला. बाह्यांना जरी, गळ्याला टिकल्या, पाठीवर आरशांचा मोर! आपांनी तो शिवला, इस्त्री केला, उन्हात धरला. समोरच्या भिंतीवर कवडसे नाचायला लागले.

"बेटा," आपा म्हणाल्या, "बुरखा लोकांची नजर चुकवायला असतो. हा घालून घाटात उभी राहिलीस तर ट्रकवाले डिपर मारतील!"

मुलगी खुशीत म्हणाली, "म्हणजे छान झालाय ना?"

* * *

माझाही एक आहे. नसरीनच्या नादाने मीही स्कार्फ बांधायला लागले होते. परीक्षेच्या अर्जासाठी फोटो काढायला गेले, तर फोटोग्राफर अडून बसला. "ताई, कान दिसले पाहिजेत."

मी बराच वाद घातला. तो ऐकेना. शेवटी मी स्कार्फ एका बाजूने जरासा मागे सारला.

"दुसरा?"

"दुसरा अगदी असाच आहे हो दादा!"

तो इतका हसला की फोटो हलला. पुन्हा काढला, तर मी हसत होते!

* * *

आमच्यात जामसरची सविता होती. क्लासला रोज एसटीने यायची. थंडीत जव्हारचा वारा कान कापतो. एकदा तिचे कान दुखत होते म्हणून नसरीनने स्वतःच्या हाताने तिला स्कार्फ बांधून दिला.

संध्याकाळी गाडीत कंडक्टर अदबीने म्हणाला, "सलाम वालेकुम! कुठं जायचंय?"

सविता म्हणाली, "अहो भाऊ, मी सविता! जामसरची. ह्यो थंडीचा हाय."

कंडक्टरने फुटलेल्या खिडकीकडे बघितलं. "मग मलाही एक बांधायला शिकव की!"

* * *

आता शेवटचा. नसरीन डी.एड. झाली आणि मोखाड्याच्या बाजूला एका पाड्यावरच्या शाळेत लागली. घरातली पहिली नोकरी. अब्बा सोडायला गेले होते.

हेडमास्तर माणूस वाईट नव्हता, पण स्कार्फ बघून घुटमळला. "बाई, इथल्या पोरांनी असं कधी पाहिलेलं नाही. घाबरतील, शाळेत यायची नाहीत. वर्गात काढून ठेवाल का?"

नसरीनला नोकरी तर हवीच होती. अब्बा बाजूला उभे, खाली मान घालून. ती कशीबशी म्हणाली, "सर, आजचा दिवस असंच शिकवू द्या. उद्या पोरं आली नाहीत, तर तुम्ही म्हणाल तसं."

दिवसभर तिने पोरांना गाणी म्हणून दाखवली, गोष्टी सांगितल्या. पोरं नुसती टकामका बघत होती. एकाचाही आवाज फुटेना. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

सकाळी ती शाळेत पोचली, तर हेडमास्तर व्हरांड्यात पुतळ्यासारखा उभा. पटांगणात पोरांची रांग. आणि रांगेतल्या झाडून सगळ्या पोरींनी डोकी गुंडाळलेली! कुणी टॉवेल, कुणी आईच्या लुगड्याचा तुकडा, एकीने तर घोंगडीच!

हेडमास्तरने सगळ्यात पुढच्या चिमुरडीला विचारलं, "काय गं, हे काय?"

ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी बाई हाय!"

हेडमास्तरने एकदा नसरीनकडे बघितलं, एकदा रांगेकडे. मग घसा खाकरून मोठ्याने म्हणाला, "चला, सगळ्या बाईंनी सरळ उभं राहा. प्रार्थना सुरू करायची आहे!"