पटक्यातला अँटेना

पालमच्या बसस्टँडमागं सुमनबाईचं मोटार भरायचं दुकान होतं. जळालेल्या मोटारींची तार काढून नवी भरण्यात तिची पंचवीस वर्षं गेली. नवरा वारल्यावर घरात ती आणि सासरा रंगनाथ, दोघंच. म्हाताऱ्याला आताशा विसर पडायचा. नजर चुकली की तो निघून जाई आणि मग गावभर शोधाशोध.

भंगारात निघालेल्या जीपमधलं जीपीएसचं यंत्र तिच्या हाती लागलं, पण त्याचा अँटेना तुटलेला. तिनं मोटारीची तांब्याची तार मापून वळवली, खाली तुपाच्या डब्याचं झाकण लावलं, टीव्हीच्या डिशची हातभर केबल कथलाचा डाग देऊन जोडली. या नव्या अँटेनाला आभाळ दिसावं म्हणून तो म्हाताऱ्याच्या पटक्याच्या घड्यांत बसवला. सिम आणि बॅटरी घातलेलं यंत्र बंडीच्या खिशात. मोबाईलच्या नकाशावर लाल ठिपका चालू लागला.

रोज टळटळीत दुपारी ठिपका गावाबाहेरच्या माळावर जाऊन थांबे. चौथ्या दिवशी सुमनबाई मागोमाग गेली. माळावर झाड नाही, पाखरू नाही. रंगनाथ एका खोलगट जागेशी उकिडवा बसून जमिनीशी बोलत होता.

"मामा, कोणाशी बोलायलाव?"

"हळू बोल. नामा हाय खाली."

नामा म्हणजे नामदेव, रंगनाथचा धाकटा भाऊ. पन्नास वर्षांमागं तो हैदराबादला पळून गेला, असं सारं घर सांगे.

दुसऱ्या दिवशी तिनं सासऱ्याला बाहेर सोडलंच नाही. तो बाजेवर झोपलेला, केबल सोडवून पटका खुंटीवर, यंत्राची बंडी अंगात. दुपारी तिनं मोबाईल पाहिला. ठिपका माळावर होता.

पत्र्याखाली सिग्नल चुकला असेल, तिनं मनाला समजावलं. पण चुकून नेमका तिथंच?

तेवढ्यात म्हातारा डोळे न उघडताच बोलला, "गाळ काढायला हिरीत उतरला होता नामा. वरून दरड आली. बाप लय भ्याला. हीर तशीच बुजवली. कोणाला सांगू नको म्हणला."

सुमनबाईनं पोलिसांत कळवलं. पंचांसमोर जेसीबीनं खोदलं. पंधरा फुटांवर हाडं लागली, सोबत नामाच्या हातातलं चांदीचं कडं. रंगनाथनं ते धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि लहान लेकरासारखा रडला.

पंचनामा उरकल्यावर त्यानंच भावाला अग्नी दिला. त्यानंतर तो कुठं गेला नाही. सुमनबाईनं यंत्राची बॅटरी काढून ठेवली. नकाशा उघडायला मात्र तिचं बोट अजून धजत नाही.