नावेच्या फटीतलं कापड

नावेत पाणी कुठून शिरतं ते दिसत नाही. पाय ओले झाले की कळतं. आमच्या घरातले किस्सेही तसेच साचले. हसण्यासारखे आहेत, पण सांगून झाले की घर गप्प होतं. आम्ही वर्धा नदीच्या अलीकडचे, आंध्र प्रदेशातले; पलीकडं महाराष्ट्र. मधे पूल नव्हता, आमची नाव होती. आमचे हे ती चालवायचे. नाव गळायची, आणि निम्मं आयुष्य तिला कोरडं ठेवण्यातच गेलं.

*

नावेचा लाकडी तळ कुजला तेव्हा सागवान मिळेना. ह्यांनी बेल्लमपल्लीहून रेल्वेत घालून प्लायवूड आणलं. त्याला जवसाचं तेल पाजलं, वरून-खालून निळा ऑइलपेंट मारला. इतकी चकचकीत नाव आमच्या घाटावर कुणी पाहिली नव्हती!

पावसाळा संपायच्या आत तळाचे पापुद्रे सुटले. कापलेल्या कडांना रंग लावायचा राहिला होता. पाणी तिथूनच आत गेलं.

सासूबाई म्हणाल्या, "वा रे बाप्पा! लेकराच्या अंगाले तेल लावलं अन् कानात पाणी ओतलं तुनं!"

*

पुढच्या वर्षी ह्यांनी नवीन प्लायवूड आणलं आणि रंगाला कडांपासूनच सुरुवात केली. रंगवलेली फळी ओसरीत विटांवर वाळत ठेवली. नेमके त्याच दिवशी माझ्या नणंदेला, वच्छलेला, पाहायला पलीकडच्या गावचे पाहुणे आले. मुलाचे वडील थेट त्या फळीवर जाऊन बसले. त्यांना उठा म्हणायचा कुणाला धीर होईना.

चहा झाला, पोहे झाले. पसंतीचं कुणी काही बोलेना. शेवटी पाहुणे निघायला उठले, तर धोतर उठेना!

"तुमी तं मले धरूनच ठेवलं, ईहीनबाई," ते सासूबाईंना म्हणाले. "आता सून घेतल्याशिवाय सोडत नाई वाटते!"

लग्न ठरलं. वच्छला नदीपलीकडं गेली.

*

एकदा महसूल खात्याचे नवे गिरदावर साहेब नदीतल्या बेटावरची जमीन पाहायला निघाले. मधोमध गेल्यावर त्यांच्या बुटात पाणी शिरलं. ते तेलुगूत ओरडले, "नीळ्ळु! नीळ्ळु!"

हे वल्हं मारत शांतपणे म्हणाले, "साब, नदी में पानीच रहता." आणि पाणी उपसायचा डबा त्यांच्या हातात दिला. ज्याचे पाय ओले होतील त्यानं उपसायचं, असा आमच्या नावेचा नियमच होता!

साहेबांनी मुकाट्यानं उपसलं. बेटावर उतरताना मात्र डबा बगलेत मारून निघाले.

"साब, डब्बा?"

"वापसी में लगता!"

*

तळाचं प्लायवूड आणि बाजूचं लाकूड यांच्या मधल्या फटीत गरम डांबरात भिजवलेलं सुती कापड ठोकून बसवतात. मिरगाच्या आधी गावातल्या प्रत्येक घरानं त्यासाठी एक जुनं कापड द्यायचं, अशी आमच्याकडं रीत. कुणाचं कापड कुठल्या फटीत गेलं ते बायांना पाठ! दोन जावा भांडलेल्या होत्या. थोरली नावेत चढली की म्हणायची, "मी तिकडं नाई बसत. तिकडं तिचं लुगडं हाय!"

सासूबाई दरवर्षी आपलं लुगडं द्यायच्या. खुंटीवरचा जाड सुती सदरा मात्र कधी दिला नाही. तो माझ्या धाकट्या दिराचा, सुदामचा. पुरात नाव बांधता बांधता सुदाम वाहून गेला, सापडलाच नाही. तेव्हा घाटावर त्याच्याजवळ फक्त सासूबाई होत्या. काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. तेव्हापासून त्या नावेत बसल्या नाहीत. लेकीचं सासरही त्यांनी पाहिलं नव्हतं. वच्छलाच इकडं यायची.

*

एका आषाढात वाहत आलेला ओंडका लागून नावेची फट उघडली. त्याच सकाळी पलीकडून निरोप आला. वच्छलेला दवाखान्यातून घरी पाठवलं होतं. आता काही आशा नव्हती. ती म्हणत होती, "मायले एकडाव पाह्याचं हाय."

गावातली जुनी कापडं मिरगाआधीच संपली होती. ह्यांनी अंगातला सदरा काढला, पण तो टेरिकॉटचा. टेरिकॉट डांबर पीत नाही.

सासूबाई घरात गेल्या आणि खुंटीवरचा सदरा घेऊन आल्या.

"हा घे. सुती हाय."

ह्यांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं. मग सदरा डांबरात बुडवून फटीत ठोकला. सासूबाई आपणहून नावेत चढल्या, खाली बसल्या आणि त्या जागेवर तळहात दाबून धरला. डांबर अजून गरम होतं. नदी ओलांडेपर्यंत फटीतून पाणी आलं नाही.

नाव काठाला लागली. वच्छलेचं घर तिथून दिसत होतं.

"मा, काढ आता हात. चाल, वच्छला वाट पाहून राह्यली."

त्यांनी हात काढला नाही.

"तिले इथंच घेऊन ये, बाप्पा," त्या म्हणाल्या. "मागच्या खेपी म्या हात सोडला होता."