पितृपक्षातले टायर

टायर गुळगुळीत व्हायचे ते ऐन पितृपक्षात, याला म्हणावं तरी काय! श्रावणभर धड होते. आता मात्र ओली सडक लागली, मागे गाडी बांधलेली असली, की जयसिंहरावांची पिकअप जागच्या जागी चाकं फिरवत बसायची.

शिंदे की छावनीत त्यांना कोण ओळखत नाही? पूर्वज दक्षिणेतून घोडे घेऊन इकडे उत्तरेत आले. हे बंद पडलेल्या गाड्या ओढून गॅरेजात नेतात. कोणाची गाडी रस्त्यात बसली की पहिला फोन यांना. टायर ओझ्याचेच हवेत, जाड कडेचे, यावर ते भेटेल त्याला भाषण देत. फक्त आईसाहेबांपुढे ते भाषण चालत नसे.

"अमावस्या होईपर्यंत नवी वस्तू घरात येणार नाही," आईसाहेबांनी सांगून टाकलं. "तुझ्या बाबांनी याच दिवसांत स्कूटर आणली. दिवाळी पाहिली का त्यांनी?"

"अहो आईसाहेब, हार्टअटॅक होता तो! स्कूटर तर अंगणात उभी होती!"

"उभी होती. पण आली होती ना?"

जयसिंहरावांनी कपाळाला हात लावला. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ हेच. बाई ऐंशीच्या घरात, पण हट्ट विशीतला! शेवटी तोडही त्यांनीच काढली.

"जुने घे की. जुनं घ्यायला कुठं मनाई आहे?"

आणि कटकट एकदाची मिटावी म्हणून हा शहाणा माणूस नया बाजारात जाऊन जुने टायर घेऊन आला. नक्षी भरगच्च, दिसायला झकास, पण होते साध्या प्रवासी गाडीचे. "भाईसाहब, इनसे खिंचाई मत करना," यांच्यावर गाड्या ओढू नका, असं दुकानदार म्हणालासुद्धा. जयसिंहराव त्याच्यावरच खेकसले, "मला शिकवतोस?" खरं तर शिकायचं काही नव्हतंच. सगळं ठाऊक असून त्यांनी ते बसवून घेतले.

दुसऱ्याच दिवशी मुरारहून सामानानं भरलेली व्हॅन ओढून आणताना, पुलाच्या उतारावर मागचा टायर फाटला. पिकअप रस्त्यात आडवी फिरली, मागून व्हॅनचा रेटा बसला, आणि दोन्ही गाड्या घसरत कठड्याला टेकून थांबल्या. खाली रेल्वेचे रूळ. लागलं कोणालाच नाही.

घरी येऊन ते कडाडले, "घ्या तुमचं जुनं! आज पुलावरून खालीच गेलो असतो! बाबांशेजारी माझंही पान वाढायचं होतं का?"

बोलून गेले आणि जीभ चावली. आईसाहेबांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

सकाळी बघतात तर आईसाहेब चपला घालून दारात. "चल. नवे घे."

"अमावस्या झाली नाही अजून."

"मला पंचांग शिकवू नकोस."

दुकानात त्यांनी उच्छाद मांडला. हाच का, तो का नाही, कडा दाबून दाखव, ओझं ओढेल ना, नक्की ना? दुकानदार घामाघूम. जयसिंहरावांनी ओझ्याचे जाड टायर निवडले, चारही चाकांना बसवून घेतले आणि म्हणाले, "चला, तुम्हाला घरी सोडतो. मला ठाटीपूरहून एक कार आणायचीय."

आईसाहेब पुढच्या सीटवर चढून बसल्या होत्या. "मीही येते."

"तिथं तुमचं काय काम? ऊन आहे, धूळ आहे, कमाल करता तुम्ही!"

"नव्यामुळं काही बरंवाईट व्हायचं असलं," त्या समोर बघत म्हणाल्या, "तर तू एकटा नको."

जयसिंहरावांनी वाकून आईला सीटचा पट्टा लावला, नीट ओढून पाहिला. किल्ली फिरवायच्या आतच आईसाहेब म्हणाल्या, "हळू चालव."