लंगडी आणि फौजी

आमच्या घरात दोघं लंगडतो. मी, लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून, आणि माझा धाकटा भाऊ सैन्यात सुरुंगावर पाय पडला तेव्हापासून. त्याला गुडघ्याखाली कृत्रिम पाय आहे, मला पायाला आधार देणारा पट्ट्यांचा कॅलिपर. चालताना दोघंही सारखेच कलतो. पण वडूजच्या बाजारातून मी गेले की "लंगडी आली", आणि तो गेला की "फौजी, या, चहा घ्या".

गेल्या वर्षी माझा कॅलिपर दुरुस्त करायला आम्ही एसटीनं साताऱ्याला निघालो. दिव्यांगांच्या राखीव सीटवर एक धडधाकट गृहस्थ मोबाइल बघत बसले होते, शेजारच्या जागेवर त्यांची पिशवी. मी म्हटलं, "दादा, ही सीट आमची आहे."

त्यांनी मान वर केली नाही. "थांब की लंगडे जरा. पुढं माणसं उतरतील, तिथं बस."

हा शब्द इतका ऐकलाय की आता रागाच्या आधी कंटाळा येतो. तेवढ्यात भाऊ मागून आला. मागच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्यानं त्याला ओळखलं. "आवं, उठा की. फौजी हाय त्यो. बॉर्डरवर पाय गेलाय त्येचा."

गृहस्थ ताडकन उठले, पिशवी उचलली, भावाला हात जोडले. "माफ करा साहेब, ठाऊक न्हवतं. बसा."

भाऊ उभाच राहिला. "माफी हिची मागा. लंगडी हिला म्हणालाय तुमी."

"व्हय, पर यांचं जन्माचंच असंल की. तुमी देशासाठी दिलाय."

आजूबाजूच्या लोकांनी माना डोलावल्या. त्या माना बघून माझं डोकं फिरलं.

"मी कुणासाठी दिला नाही, खरं आहे," मी म्हणाले. "ताप आला आणि पाय गेला. म्हणून काय वाटेल ते म्हणायचं? गावातल्या पोरींना मी शिवण शिकवते, त्या मला बाई म्हणतात. तुम्हालाही जमेल."

"बसा बाई," ते खिडकीकडं बघत पुटपुटले आणि दाराशी जाऊन उभे राहिले.

आम्ही बसलो. भावाचा पारा काही उतरेना. डेपोत तक्रार करू, त्या माणसाचं नाव शोधून काढू, असं त्याचं चाललं होतं. मला त्याचाही वैताग यायला लागला.

"तू रोज हे ऐकतीस?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"मग घरी कधी बोलली न्हाईस त्ये?"

"लय वेळा बोलले. आई म्हणायची, लक्ष देऊ नगो. तूबी तेच म्हणायचास."

साताऱ्यात उतरल्यावर त्यानं तक्रारीचा विषय पुन्हा काढला नाही, कॅलिपरच्या दुकानाची वाट विचारली. मलाही तेवढंच हवं होतं.