डोंगरावरची थंड मशिनं

ओमानमध्ये घर गरम करायलाही मशीन लागतं, हे मला तिथे बरीच वर्षं काढूनही ठाऊक नव्हतं. मस्कतमधल्या वादी कबीरच्या वर्कशॉपमध्ये आम्ही एसी दुरुस्त करायचो. आमच्या लेखी सगळा देशच तापलेला. मग दोन हजार सालच्या आसपास आमच्या कंपनीला जबल अखदरचं काम मिळालं. त्या डोंगरावर हिवाळ्यात पहाटे पाण्यावर बर्फाची साय धरते. लोक खोलीतच लाकडं पेटवून शेकत बसत. सरकारी खात्यानं ठरवलं, की हातातोंडाची गाठ जेमतेम पडणाऱ्या घरांना सरकारी खर्चानं गरम-थंड मशीन बसवून द्यायचं. दिसायला साधा स्प्लिट एसी, पण हिवाळ्यात उलटा चालतो. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून आत सोडतो. हीटरपेक्षा वीज कितीतरी कमी खातो. योजना चांगली होती. मी आजही म्हणतो, चांगली होती.

घरं बघायला साहेबांनी मला पाठवलं. साहेब म्हणजे आमचे मॅनेजर, पुण्याचे. मी गुहागरकडचा. ऑफिसात दोघंच मराठी, म्हणून ते माझ्याशी गोड बोलायचे.

तिथल्या एका घरातले म्हातारबाबा माझ्या डोक्यात राहिले. डाळिंबाची छोटी बाग, दगडी घर, घरात नवरा-बायको दोघंच. तरुणपणी जहाजावर आपल्या लोकांबरोबर काम केल्यामुळे त्यांना मोडकंतोडकं हिंदी येत होतं. मी त्यांना चाचा म्हणू लागलो. आतल्या खोलीतून त्यांच्या बायकोचा खोकला ऐकू येत होता, थांबतच नव्हता. डॉक्टरनं तिला धुरापासून लांब राहायला सांगितलं होतं.

"आणि थंडीपासून?" मी विचारलं.

"थंडीपासूनही," ते म्हणाले. "आता तूच सांग, दोन्ही कसं जमायचं?"

मी भिंतीवर हात ठेवून जागा दाखवली. म्हटलं, इथे मशीन येईल, लाकूड पेटवायलाच नको. त्यांनी आत जाऊन बायकोला ते अरबीत सांगितलं. ती काहीतरी म्हणाली आणि दोघं हसले. निघताना माझ्या पिकअपमध्ये डाळिंबं ठेवली.

त्यानंतर मी रजेवर गावी गेलो. परत आलो तोवर मशिनं बसवून झाली होती आणि डिसेंबर लागला होता. साहेब म्हणाले, "डोंगरावरून तक्रारी येतायत. लोकांना रिमोट वापरता येत नाहीत. जा, शिकवून ये."

मी गेलो. चाचांच्या दारातच धुराचा वास आला. मशीन भिंतीवर चालू होतं आणि खाली परातीत लाकडं जळत होती. चाचांच्या हातात रिमोट होता. त्यावर सूर्याचं चित्र असतं. ते निवडलं की गरम हवा यायला हवी.

"मी रोज दाबतो," ते म्हणाले. "सूर्य येतो, हवा गरम येत नाही. माझंच काहीतरी चुकतंय बघ. तू परत एकदा नीट दाखव."

मी बाहेर जाऊन कॉम्प्रेसरचं झाकण उघडलं. गॅस उलटा फिरवणारा व्हॉल्व्ह असतो, तोच नव्हता. जळलेला नाही, बिघडलेला नाही, मुळात नव्हताच. खाली मस्कतच्या कुठल्याही फ्लॅटमध्ये बसवतात तसला साधा, फक्त गार करणारा एसी. रिमोट तेवढा दोन्हीकडे चालणारा. शेजारच्या घरातलं उघडलं, तेच. त्याच्या पुढचं, तेच.

माझं डोकं फिरलं. मी परत आत गेलो. चाचा पुन्हा विचारू लागले, "कुठलं बटण आधी दाबायचं?" गुन्हा कोणाचा आणि स्वतःला अपराधी कोण समजतंय! मी म्हटलं, "चाचा, तुमचं काही चुकलेलं नाही. मशीनच खोटं आहे." त्यांना ते पटायला वेळ लागला. सरकारनं दिलेलं मशीन खोटं कसं असेल? आत त्यांची बायको खोकत होती. हा खोकला मागच्यापेक्षा खोल होता.

मस्कतला उतरलो तो थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"साहेब, वर कूल-ओन्ली मशिनं गेलीयत."

त्यांनी मानही वर केली नाही. "माहितीये. हीट-पंपवाली मिळायला वेळ लागत होता. काम तर संपवायचं होतं ना?"

"पण सरकारनं पैसे गरमवाल्यांचे दिलेत."

"हे बघ, थंडी किती दिवसांची? फेब्रुवारीत खलास. ही डोंगरावरची माणसं आयुष्यभर लाकडावर शेकलीयत, त्यांना फरक कळतो का? तू आपलं रिमोट शिकव."

"ती म्हातारी धुरानं मरेल."

तेव्हा त्यांनी वर पाहिलं. "तुझा पासपोर्ट कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते माहितीये ना?" हे ते मराठीतच बोलले, अगदी घरगुती आवाजात. आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीच्याच ताब्यात असायचे.

मस्कतच्या खोलीवर येऊन बायकोला सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल गप्प बसा. गावी नुकताच घराला स्लॅब घातला होता, मुलगी तिथल्याच शाळेत होती. बायको पोळ्या लाटत होती. म्हणाली, "अर्बाबला सांगा. तो मालक आहे. त्याला तरी माहीत आहे का?"

आमचा अर्बाब मस्कतमध्येच, अल मवालेहला राहायचा. ऑफिसात महिन्यातून एखादवेळा यायचा, कॉफी पिऊन जायचा. माझ्यासारख्यानं एकट्यानं जाऊन त्याला काय सांगायचं? आणि त्यानं ऐकावं तरी का? म्हणून पुढच्या शुक्रवारी मी मित्राची गाडी घेतली, पहाटे निघून डोंगर चढलो आणि चाचांना विचारलं, "माझ्याबरोबर मस्कतला याल?" त्यांनी शेजारणीला बायकोजवळ बसवलं, धुतलेली दिशदाशा, म्हणजे तिथला लांब झगा, घातला, कमरेला खंजर बांधला आणि गाडीत बसले. 

दुपारच्या नमाजनंतर अर्बाबच्या मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, आम्ही गेलो. म्हातारा पाहुणा डोंगरावरून आलाय म्हटल्यावर अर्बाब उठून उभा राहिला. खजूर, कॉफी झाली. एकमेकांची खुशाली विचारण्यात बराच वेळ गेला, मी आतून नुसता उकळत होतो. मग चाचांनी रिमोट पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. माझं अरबी वर्कशॉपपुरतं, पण शेवटचं वाक्य कळलं: माझी बायको घरात धूर खाते आणि भिंतीवर तुमच्या कंपनीचं नाव आहे.

अर्बाबचा चेहरा पडला. तो मला म्हणाला, "सर्व घरांत असंच आहे?"

"सर्व नाही बघितली. जेवढी उघडली, तेवढ्यांत असंच."

त्यानं माझ्यासमोरच साहेबांना फोन लावला. पलीकडून काय येत होतं ते ऐकू आलं नाही, फक्त "इन्शाल्ला, इन्शाल्ला" एवढं पुन्हा पुन्हा. अर्बाब ओरडला, "इन्शाल्ला नको, यल्ला!" म्हणजे, देवाच्या मर्जीवर सोडू नको, आत्ताच्या आत्ता हल.

मशिनं बदलली गेली. मीच जाऊन बसवली. पण माल यायला, वर चढवायला फेब्रुवारी उजाडला. मधल्या काळात चाचांच्या बायकोला निझवाच्या हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. ती वाचली, पण डॉक्टरनं तिला पुन्हा डोंगरावर पाठवलं नाही. ती खाली मुलीकडे राहिली आणि पुढच्या वर्षी तिथेच वारली. चाचांच्या घरात मी बसवलेल्या मशीनमधून खरीखुरी गरम हवा आली, तेव्हा त्या खोलीत ते एकटेच होते. त्यांनी हात वर धरून बघितला, मला "शुकरन" म्हणाले आणि मशीन बंद केलं. म्हणाले, "मला एकट्याला कशाला?"

आणि साहेब? अर्बाबनं त्यांना काढलं नाही. ते नवी कामं आणतात, म्हणाला. माझा पासपोर्ट मात्र त्यानं स्वतः माझ्या हातात दिला, आणि वर्षभरात मी दुसऱ्या स्पॉन्सरकडे, समुद्रकाठच्या सहम गावी गेलो. तिथे फ्रीज-एसीचं छोटं दुकान सांभाळू लागलो. दुकानात गिऱ्हाईक कमी, पण कोणाला खोटं सांगावं लागत नव्हतं.

काही वर्षांनी गणपतीच्या कार्यक्रमाला मी आणि बायको मस्कतला आलो. हॉल भरलेला, मुलं आपसात इंग्रजीत बोलत स्टेजखाली पळत होती. सूत्रसंचालकानं जाहीर केलं, आता सत्कार. ओमानमधल्या दुर्गम भागात समाजोपयोगी काम करणारे आपले मराठी बांधव. आणि साहेब उठले. शाल, श्रीफळ, टाळ्या. माईकवर ते म्हणाले, डोंगरावरच्या गरीब कुटुंबांना ऊब देता आली, हे भाग्य.

मी उभा राहिलो. "खोटं आहे!" माझा आवाज किती मोठा झाला, मलाच कळलं नाही. "गार मशिनं बसवलीत तुम्ही! एक म्हातारी धुरानं गेली!"

टाळ्या थांबल्या. शेजारच्या गृहस्थांनी माझा हात धरून खाली ओढला. "अहो, सणाचा दिवस आहे, वाद कशाला?" पुढच्या रांगेतल्या एक बाई मागे वळून म्हणाल्या, "मुलं बघतायत हो." साहेबांनी खाली बघून शालीची घडी नीट केली. सूत्रसंचालकानं घाईघाईनं पुढचं गाणं जाहीर केलं.

बायको उठली. प्रसादाची डिश खुर्चीवर ठेवली आणि म्हणाली, "चला." सहमपर्यंत गाडीत मी एकटाच बोलत होतो. साहेब जसे होते तसेच राहिले, त्यात मला नवल नव्हतं. मला चीड आली होती ती माझा हात धरणाऱ्या त्या गृहस्थांची. ते आमच्याच तालुक्यातले होते. त्यांना सगळं माहीत होतं. मीच त्यांना सांगितलं होतं.